डाव्या हाताची पूजा

मित्रांनो, देव्हाऱ्यात मान देवांचा, त्यानंतर समईचा आणि शंखाचा. माझ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण रोज सकाळी एकूण एक देवाला अंघोळीसाठी माझ्याच पुढ्यात यावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा. मी तांब्याचं जुनं ताम्हण आहे. काठाला एक पोचा आहे, बुडावरचं नाव अर्धंअधिक झिजलं आहे, आणि वयाचं म्हणाल तर तो विषय नको.

नगरच्या तांबटांच्या आळीत मी घडलो. हातोडीचे ठोके खाताना फार रडलो, पण गोल झाल्यावर मलाच माझं कौतुक वाटलं. सोनईच्या अलीकडे दोन कोसांवर एक वस्ती आहे. तिथल्या एका शेतकऱ्याने मला बाजारातून घरी आणलं. त्याच्यामागे पूजा त्याच्या मुलाकडे, भिमाजीकडे आली. भिमाजीबाबाने चाळीस वर्षं देव पुजले. माणूस कडक होता. पूजा चालू असताना घरात भांड्याला भांडं लागलेलं त्याला खपत नसे. पण मला तो फार आवडे, कारण मला चिंचेने घासून, कोरडं पुसल्याशिवाय तो कधी उठला नाही.

त्याला एक नात होती, चांगुणा. आठ वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. बहिरी नव्हती. उलट लांबवर फटफटी वाजली तरी कानांवर हात ठेवून ती कोपऱ्यात बसायची. कुणी हात धरला की किंचाळायची. माणसांच्या डोळ्यांत बघायची नाही, पण गाडीचं चाक, पातेल्याचं झाकण, जे काही गोल आणि फिरणारं असेल ते तासन्‌तास बघायची. अशा मुलांना काय म्हणतात हे तेव्हा आमच्या वस्तीवर कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी मुकी म्हणे, कुणी म्हणे बाहेरचं झालंय. तिची आई राहीबाई एवढंच म्हणायची, "माजी चांगुणा हाय ती. बास."

एके दिवशी चांगुणाने मला देव्हाऱ्यातून उचललं, अंगणात नेलं आणि काठावर उभं करून गरकन फिरवलं. खरं सांगू? डोकं गरगरलं, पण मजा आली. इतक्या वर्षांत माझ्याशी खेळायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेवढ्यात मी दगडावर आपटलो आणि पोचा पडला. भिमाजीबाबा धावत आला.

"देवाचं भांडं हाय ते, खेळनं न्हाई! राही, पोरीला देव्हाऱ्याच्या वाऱ्याला उभी करू नगं."

तेव्हापासून पूजा झाली की मी उंच फळीवर जाऊ लागलो. चांगुणा खाली उभी राहून फळीकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटे.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसू लागला. चांगुणाचे वडील गोरक्ष पाझर तलावाच्या कामावर गेले आणि तिकडेच राहिले. भिमाजीबाबा दोन्ही बैल घेऊन जनावरांच्या छावणीत गेला. निघताना उंबऱ्यातून मागे वळून तो सुनेला म्हणाला, "राही, काय बी कर, पन देव पारोसे ठिवू नगं."

देव पारोसे म्हणजे बिनअंघोळीचे. राहीबाई दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, घरी येऊन मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी थापायची, आणि पहाटे उठून वाटीभर पाण्यात सात देवांची पूजा करायची. पहिल्याच पहाटे चांगुणा आली आणि माझ्या पलीकडे, आईच्या समोर, मांडी घालून बसली. मी फळीवरून खाली आलो होतो ना! राहीबाईने तिला उठवलं नाही. घंटी वाजवायला हात लावला, तशी पोरीने कान झाकले. राहीबाईने घंटी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवून दिली. घंटी त्यावरून पुढे कितीतरी दिवस रुसून होती. देव मात्र काही बोलले नाहीत.

आता मित्रांनो, नीट ऐका. पूजा ही रोज तीच असते. आधी खंडोबाचा टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेला छोटा पत्रा, मग भवानी, मग बहिरोबा. पाणी, फडकं, गंध, फूल. काल जसं, तसंच आज. तुम्हाला याचा कंटाळा येत असेल. पण जिला प्रत्येक नव्या गोष्टीची धास्ती वाटायची, त्या चांगुणाला अशी एक जागा सापडली जिथे काहीच बदलत नव्हतं. आठव्या दिवशी आई भवानीला विसरून बहिरोबाकडे वळली, तर पोरीने भवानीचा टाक उचलून आईपुढे धरला.

राहीबाई हुशार बाई. तिने त्या दिवसापासून शिकवायला घेतलं. हात धरायची सोय नव्हती, सांगून कळत होतं की नाही कोण जाणे. म्हणून ती आपण एक करायची आणि थांबायची. पंधरा दिवस नुसतं फडक्याने पुसणं. मग गंध. मग पळीने पाणी. दिवाळी उलटून संक्रांत आली, तोवर सातही देवांना चांगुणा एकटी अंघोळ घालू लागली. शेवटी पळीतलं तीर्थ आईच्या तळहातावर सोडायचं, तेही तिने उचललं. पहिल्यांदा ते थेंब पडले तेव्हा राहीबाईने तीर्थ प्यायचं सोडून हात तसाच धरून ठेवला. त्या पोरीने आपणहून आईला दिलेली ती पहिली वस्तू होती. मी तांब्याचा, पण त्या दिवशी मला भरून आलं.

एक गोष्ट मात्र बिघडली होती, आणि ती मला सुरुवातीपासून दिसत होती. चांगुणा सगळं डाव्या हाताने करत होती! राहीबाईला ते दिसत नव्हतं असं नाही, पण आनंदाच्या भरात तिने तिकडे काणाडोळा केला. मी सांगणार कसं? ताम्हणाला कुठे तोंड असतं!

पुढच्या आखाडात छावणी उठली आणि भिमाजीबाबा बैल घेऊन परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून तो देव्हाऱ्यापुढे आला, तर पाटावर नात! तो जागच्या जागी उभा राहिला. खंडोबाचा टाक माझ्यात निथळत होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू उमटलं की मी म्हटलं, चला, सुटलो. मग त्याची नजर तिच्या हाताकडे गेली.

"राही! देवाला डावा हात? अगं, काय पाप करतीयास!"

रागावून नव्हे, अगदी हळू वाकून त्याने तिच्या डाव्या हातातली पळी काढून उजव्या हातात दिली. पळी खाली पडली. चांगुणा किंचाळली, तिने भिंतीवर डोकं आपटलं आणि बाजेखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दिवसभर तिने भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवांची पूजा भिमाजीबाबाने केली, उजव्या हाताने, रीतसर. मला ते पाणी गोड लागलं नाही.

त्या संध्याकाळी राहीबाई पदर सावरून सासऱ्यापुढे येऊन उभी राहिली. एरवी ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

"मामा, चूक माजी हाय. म्या तिच्या समूर बसून दावलं. ती मला बघून करीत गेली."

"त्यानं काय हुतंय?"

"बसा म्हंजी कळंल."

तिने मला मधे ठेवलं. भिमाजीबाबा चांगुणाच्या पाटावर बसला, राहीबाई समोर बसली. "आता म्या करते तसं करा," असं म्हणून तिने उजव्या हाताने पळी उचलली. भिमाजीबाबाचा हात वर आला. तो डावा होता, तिच्या उजव्याच्या बरोबर समोरचा. चाळीस वर्षं पूजा केलेला माणूस आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"मग आता ह्ये फिरवायचं कसं?" त्याने विचारलं.

"न्हाई फिरायचं, मामा. एकडाव बसलं की बसलं तिचं. पूजा काडून घ्यायची असंल तर घ्या. पन मग तिला दुसरं काय द्यायचं त्ये बी तुमीच सांगा."

भिमाजीबाबा उठून बैलांकडे गेला. मला रात्रभर चैन पडलं नाही. मी गोल आहे, मित्रांनो. मला कुठूनही बघा, डावी बाजू नाही आणि उजवीही नाही. पण माणसांना असते, आणि म्हाताऱ्याने तर जन्मभर ती जपली होती.

सकाळी त्याने अंघोळ केली. मला घासलं, वाटीत पाणी घेतलं, सातही देव पाटासमोर ओळीने मांडले. आणि मग तो पाटावर बसलाच नाही. बाजूला, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला. राहीबाई चुलीजवळ फुंकणी हातात धरून तशीच थांबली. ऊन उंबऱ्यावर आलं, आत आलं, माझ्या काठापर्यंत पोचलं. त्याने एकदाही बाजेकडे पाहिलं नाही की हाक मारली नाही.

बाजेखालून चांगुणा निघाली. पाटावर बसली. आधी खंडोबा, मग भवानी, मग बहिरोबा, डाव्या हाताने. सातवा देव पुसून झाला. तिने पळी भरली आणि कुणाकडेही न बघता हात पुढे केला. समोरची आईची जागा रिकामी होती. तिने जरा वेळ वाट पाहिली. मग पळी भिमाजीबाबाकडे वळली.

त्याने तळहात पुढे केला. तीर्थ प्यायला, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि चुलीकडे बघून म्हणाला, "राही, भाकरी टाक. पोरगी दोन दिसाची उपाशी हाय."

नवरात्रात पाहुणे आले. त्यातल्या एका म्हातारीने नाक मुरडलं, "भिमाजी, देवाला डावा हात कसा रं चालतोय तुज्या घरात?"

भिमाजीबाबा कंदील पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "सात देव हायती तितं. एकबी तिच्या हातातनं उठून गेला न्हाई. मी कोन उठवनार?"

मित्रांनो, तांब्याची भांडी चिंचेने घासा, ओली ठेवू नका, एवढं तर मी सांगणारच. पण तुमच्या घरी, शेजारी, वर्गात एखादी चांगुणा असेल, तर तिच्या हातातली पळी काढून घेऊ नका. देव मांडून ठेवा, बाजूला बसा आणि वाट बघा. ऊन आत येईपर्यंत बघावी लागली, तरी बघा.