नळाचं तेज

फोटो स्टुडिओच्या काचेला नाकं चिकटवून माणसं उभी होती. मागचे पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावत होते. एरवी जिथे एखादं गुटगुटीत बाळ हसत असायचं, तिथे आज गल्लीच्या कोपऱ्यावर बसून भक्तांना आशीर्वाद देणारे बाबा फोटोत विराजमान झाले होते. पांढरी दाढी, पांढरा अंगरखा आणि भोवती दुधाळ, धूसर प्रकाशाचं वलय!

"चेहऱ्यातून उजेड पाझरतोय हो!"

"आणि फोटो कुणी काढलाय? आपल्या पुरावेवाल्याने!"

खरी गोम इथेच होती. फोटोवाल्याला सगळी गल्ली 'पुरावेवाला' म्हणायची. बायको म्हणाली, "आमटी खारट झालीय," तरी हा विचारायचा, "पुरावा?" आणि आता चमत्काराचा पुरावा त्याच्याच कॅमेऱ्यातून बाहेर पडला होता.

"काही हातचलाखी नाही ना?" समोरच्या शिंप्याने विचारलं.

फोटोवाल्याने छाती पुढे काढली. "सकाळी कपड्यांच्या दुकानासाठी फोटो काढले, तेव्हा लेन्सवरच्या काचेला क्रीम लावलं होतं, ते खरं. पण बाबांचा फोटो काढण्याआधी मी ती काच स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शर्टाने पुसली!"

गेले काही दिवस त्याला धूसर फोटोंचं वेड लागलं होतं. पोशाख घालून उभ्या राहिलेल्या मुली स्वप्नातून आल्यासारख्या दिसाव्यात म्हणून तो लेन्सवर बायकोचा पातळ मोजा ताणून बघे, काचेवर फुंकर मारून बघे. फुंकरीच्या फोटोत मुलीचं फक्त एक कानातलं दिसलं होतं. मग बायकोचं क्रीम पळवलं, ते मात्र जमलं.

बाबांनी ही साक्ष लगेच खिशात घातली. "यंत्र खोटं बोलत नाही, बाळांनो! माझ्या आतल्या विजेला तार लागत नाही. हा फोटो उशाशी ठेवा. लहरी थेट रक्तात शिरतात आणि साखर लाजून आपली आपण निघून जाते!"

लोकांनी माना डोलावल्या. फोटोवाल्यानेही डोलावली. आपण चमत्काराचे पहिले शास्त्रीय साक्षीदार आहोत, असं त्याला वाटू लागलं होतं. आरशासमोर उभं राहून तो स्वतःच्या डोक्यामागेही काही दिसतंय का ते बघत असे.

एका दुपारी त्याची भाची, भिंगरी, धापा टाकत आली.

"मामा, आईने इन्सुलिन बंद केलंय. म्हणते, माझ्या भावाने काढलेला फोटो आहे, तो खोटा कसा असेल? सारखी पाणी पितेय. आज तर उठवतही नाहीये तिला."

ताई त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

भिंगरी फोटोला नाक लावून बघत होती. "मामा, मागच्या नळालाही तेज आहे."

"कुठल्या नळाला?"

"हा काय, मोरीतला. बाबांपेक्षा जास्त चमकतोय."

त्याने पाहिलं. पडद्याच्या फटीतून डोकावणारा गळका नळ एखाद्या साधूसारखा झळाळत होता!

"नळानेही तप केलं असेल," तो कसाबसा म्हणाला.

"मग या मगानेही केलंय का बघू. काढ फोटो!"

तीच काच, समोर काळ्या पडद्यापुढे आंघोळीचा पांढरा मग. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो उमटला. मगाभोवती तेजोवलय! भिंगरीने काच काढली, साबणाने खसाखसा धुतली, कोरडी करून परत बसवली. पुन्हा फोटो काढला, तर आता नुसता आंघोळीचा मग!

फोटोवाल्याच्या आता सगळं लक्षात आलं. शर्टाने क्रीम निघालंच नव्हतं, नुसतं सगळ्या काचेवर पातळ पसरलं होतं. तेलकट चष्मा सदऱ्याने पुसावा आणि दिव्याभोवती गोल दिसावं, तसंच. त्या थरात उजेड विखुरतो आणि पांढऱ्या, चकचकीत वस्तूंभोवती सांडतो. अशा तेजाला पुंजी लागते ती क्रीमची, पुण्याईची नाही.

गप्प बसावं असा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण ताईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. फोटो खोटा ठरल्याशिवाय ती डॉक्टरांकडे जायला तयार होईना, म्हणून त्याने तिला रिक्षात घालून आधी स्टुडिओत आणलं आणि बाहेरच्या गर्दीला आत बोलावलं. बाबाही आले, फोटो म्हटल्यावर ते चुकवतील कसे!

काचेला पुन्हा क्रीम फासून पहिला फोटो, त्यात बाबाही झळाळले आणि मागचा नळही. "अहाहा!" तीच काच साबणाने धुऊन दुसरा. फक्त दाढी, अंगरख्यावरचा चहाचा डाग आणि मागे साधा गळका नळ.

बाबा सावरले. "आता मी माझं तेज आवरून धरलंय."

"आणि नळाने?" भिंगरीने विचारलं. "त्यानेही आवरलं?"

आधी शिंपी हसला, मग सगळं दुकान. बाबांना एकदम काहीतरी काम आठवलं.

"ताई," फोटोवाला म्हणाला, "मी जगाकडे पुरावा मागत हिंडलो, पण माझा शर्ट तपासला नाही. गाढव आहे मी."

"त्याला मात्र पुरावा नको," ताई क्षीण आवाजात म्हणाली. "भिंगरे, चल, मला डॉक्टरांकडे ने. आणि तू रे, रिक्षा थांबव!"

मुलांनो, फोटोवाला खोटं बोलला नव्हता. त्याची फक्त खात्री होती, आणि खात्री म्हणजे तपासणी नव्हे. काही अद्भुत दिसलं तर जरूर थक्क व्हा. पण हात जोडण्याआधी काच धुऊन पुन्हा एकदा बघा. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारा, फोटोला नको.