काखेतला रिसीव्हर

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मी त्यांच्याच दुकानात दुसऱ्या टेबलावर कानाची यंत्रं दुरुस्त करते. आम्हा दोघांनाही कुणी शिकवायला आलं की राग येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या दिवशी आम्ही दोघंही सपशेल तोंडावर पडलो.

माझी नणंद हवामान कचेरीत आहे. मोठा पांढरा फुगा आभाळात सोडायचा आणि त्याला बांधलेल्या पेटीतल्या नळ्यांत उंचावरची हवा भरून आणायची, हे तिचं काम. घरात तिला सगळे फुगेवाली म्हणतात. वर गेल्यावर फुगा फुटतो, पेटी पॅराशूटला लटकत खाली येते आणि दर दहा सेकंदांनी रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत राहते. तो ऐकला तर पेटी सापडते, नाहीतर गेली. आधीच्या दोन गेल्या होत्या. तिसरी हरवली तर काम बंद, असं तिच्या साहेबांनी बजावलं, त्या संध्याकाळी ती दुकानातल्या स्टुलावर बसून रडली. सासरे डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात निरखून बघत होते. घड्याळाचं झाकण अजून उघडलेलंच नव्हतं.

तिच्या जीपमध्ये रिसीव्हर होता, पण जीप टेकड्यांमागे गेली की तो मुका व्हायचा. आमची गच्ची मात्र गल्लीत सगळ्यात उंच. "त्यात काय, आम्ही ऐकतो," मी म्हणून बसले. बोटाएवढा एक रिसीव्हर आणला. तो लॅपटॉपला लावायचा, बाकी सगळा रेडिओ सॉफ्टवेअरमध्ये. पण स्वस्तातलं काम. त्याच्या पोटातला क्वार्ट्झचा खडा थोडा चुकतो, म्हणून जी फ्रिक्वेन्सी सांगाल तिच्या शेजारी जाऊन बसतो. किती शेजारी, ते शोधून तेवढा आकडा सॉफ्टवेअरला सांगायचा, की गाडी रुळावर.

विमानतळाच्या रेडिओ केंद्राची फ्रिक्वेन्सी अगदी काटेकोर असते. तिच्याशी ताडून मी हिशेब केला. "दहा लाखांत बासष्टची चूक," मी म्हटलं.

"म्हणजे दिवसाला पाचेक सेकंद," सासरे म्हणाले. "असलं घड्याळ मी दिलं तर गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवणार नाही."

तीन दिवस तो रिसीव्हर त्यांच्या टेबलावर, पंख्याखाली, सुखात पडून होता. रोज ताडला. रोज बासष्ट. सासऱ्यांनी सुवाच्य अक्षरात "६२" लिहून चिठ्ठी चिकटवली आणि आम्ही दोघं चहा प्यायलो, जणू पेटी सापडलीच.

फुगा दुपारी सुटला. आम्ही गच्चीवर. कपडे वाळत घालायच्या काठीला अँटेना बांधलेली, लॅपटॉप उलट्या बादलीवर. फुगेवालीचा फोन आला. "वहिनी, फुगा फुटला, पेटी खाली यायला लागली. मी टेकड्यांमागे आहे, मला काही येत नाही. तुमच्याकडे?"

आमच्याकडे खरखर होती. पडद्यावर पेटीच्या सिग्नलची रेघ स्पष्ट दिसत होती, पण असायला हवी तिथे नव्हती. उन्हात रिसीव्हर तापला होता आणि बासष्ट आता बासष्ट राहिले नव्हते. मी घाईघाईने विमानतळाच्या फ्रिक्वेन्सीशी ताडलं, आकडा बदलला, तेवढ्यात ढग आला आणि रेघ पुन्हा सरकली. पुन्हा ताडलं, ऊन पडलं. मी खाली जाऊन बर्फ आणला. रेघ दुसऱ्याच दिशेला पळाली, आणि मी बर्फाला शिव्या दिल्या.

मग सासऱ्यांनी शर्टाची वरची तीन बटणं काढली.

"बाबा, काय करताय?"

"घड्याळ मनगटावर असलं की वेळ धरतं. काढून खिडकीत ठेवलं की बिघडतं. अंगाची ऊब ऊन-ढग बघत नाही." त्यांनी रिसीव्हर पुसला, रुमालात गुंडाळला, काखेत धरला आणि हात अंगाशी घट्ट दाबला. "आता ताड."

पाच मिनिटं रेघ हलत राहिली. मग जी थांबली ती थांबलीच. विमानतळाशी ताडलं तर सत्तावन्न. मी सत्तावन्न घातले, पेटीकडे वळले, आणि पडद्यावर पेटीच्या ठावठिकाण्याच्या आकड्यांची अख्खी ओळ उमटली. मी अशी उडाले की बादलीवरचा लॅपटॉप पडता पडता वाचला.

त्यापुढची वीस मिनिटं आठवली की मला अजून हसू आवरत नाही. पेटी वाऱ्याने वाहत होती, तिच्यामागे अँटेना फिरवायची, आणि रिसीव्हरची एक वायर अँटेनाला, दुसरी लॅपटॉपला. मी काठी फिरवली की सासरे माझ्याबरोबर फिरायचे, एक हात अंगाशी चिकटवून, छोटी छोटी पावलं टाकत. मी ओरडून आकडे वाचायचे, फोन आमच्या मधोमध जमिनीवर. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना राहवेना.

"काखेत काही झालंय का हो?"

"मुलीचं काम आहे," सासरे चालता चालता म्हणाले.

बाईंनी चादरीला दोन चिमटे जास्तच लावले.

जमिनीपासून थोडं वर असताना आकडे बंद झाले. पेटी कशाच्या तरी आड गेली होती. शेवटची ओळ मी तीनदा वाचून दाखवली. मग फोनवर जीपचा आवाज, दार आपटल्याचा आवाज, धापा आणि बराच वेळ काहीच नाही. सासरे डोळे मिटून उभे होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सापडली," फुगेवाली म्हणाली. "एका शाळेच्या व्हॉलीबॉलच्या जाळीत अडकली होती. नळ्या सगळ्या शाबूत. बाबा, ऐकताय ना?" आणि ती रडायला लागली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं. मी तिला रिसीव्हर कुठे आहे ते सांगितलं. रडता रडता ती इतकी हसली की तिला जीपचं दार उघडता येईना. "काखेत कळसा नि गावाला वळसा ऐकलं होतं," ती म्हणाली, "पण इथे कळसा काखेतच ठेवलात म्हणून वळसा वाचला."

तिने फोन ठेवला. मी लॅपटॉप मिटला, काठी सोडवली, बादली सरळ केली. सासरे तसेच उभे, हात अंगाशी दाबून.

"बाबा, काढा आता. झालं काम."

"राहू दे जरा," ते म्हणाले. "ती घरी पोचू दे."