डोंगराकडे पाठ

एपारामानं देवमाशाचा दात दोन्ही हातांनी उचलला, तिथंच तो अडकला. हा दात समोर ठेवून कुणी काही मागितलं आणि आपण तो घेतला, की मग नाही म्हणायची सोय नाही. गावानं मागितलं होतं नवं मेके, म्हणजे बायकांनी पंखे घेऊन नाचायचं गाणं. वादळात समुद्र घरांत शिरल्यापासून अख्खं गाव डोंगरावर राहायला गेलं होतं. आता नव्या जागेचा सोहळा होता, आणि जुनी गाणी तिथं म्हणायला कुणाचं मन घेईना.

एपारामाच्या घरात गाणी कुणी रचत नसे. गाणी येत. आज्याला आली, बापाला आली, यालाही तरणेपणापासून येत होती, आणि सगळी आली ती किनाऱ्यावर. म्हणून तो रोज सकाळी डोंगर उतरे, ओसाड गावातल्या एका आडव्या माडावर समुद्राकडे तोंड करून बसे आणि ऊन चढलं की मान खाली घालून परत चढे. गाण्याचा पत्ता नव्हता. सोहळा उंबऱ्याशी आला होता. दात परत करायची पाळी आली असती तर त्यानं पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं, आणि गावही मुकंच राहिलं असतं.

संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, वाडग्याभोवती त्याचा मेहुणा नाइबुका त्याला सोडत नसे. मेहुण्यांनी एकमेकांना छळायचं, ही तिथली रीतच.

"काय मेहुणे, आलं का गाणं?"

"येईल."

"की वर यायचा रस्ता त्याला कुणी सांगितलाच नाही?"

"तू पी गुमान."

"पितो की. पण नाचायच्या दिवशी तोंड झाकायला चटई लागली तर माझी नेऊ नकोस, नवी आहे."

सगळे खदखदून हसले. एपारामाही हसला, पण यांगोना त्याला त्या दिवशी कडू लागली.

जुन्या गावात एकच जीव उरला होता, विलिमाइना बुबु. बुबु म्हणजे आजी, आणि ती साऱ्या गावाची आजी. तरुणपणी नाचाच्या रांगेत पहिली तीच असायची. "माझा नवरा इथं पुरलाय. तो काही उठून डोंगर चढणार नाही, आणि मीही नाही," असं म्हणून ती पत्र्याच्या एका स्वयंपाकघरात एकटी राहिली होती. समजावायला येणाऱ्याला ती मासे खाऊ घाले आणि शिव्या देऊन वाटेला लावी.

एका सकाळी तिनं एपारामाला हाक मारली.

"ए बसक्या! नुसतं बसून गाणं येतं होय? बसून फक्त मूळव्याध येते. जाळ्याचं एक टोक धर."

तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. जाळं आत नेऊन किनाऱ्याकडे ओढायचं, तेव्हा तोंड जमिनीकडे करावंच लागतं. तो वळला, आणि जागीच थिजला.

डोंगर पेटला होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत पांगारे फुलले होते, एका फांदीला पान म्हणून नव्हतं, नुसता लाल रंग. त्यात पोपटांचे थवे घुसत होते, ओरडत होते, मधाला भांडत होते. आणि त्या लालीच्या पोटात त्यांचं नवं गाव होतं. घरांचे पत्रे, चुलींचा धूर, आणि कोनफळं लावायला उकरलेली काळी माती. पांगारा फुलला म्हणजे कोनफळं लावायची, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. त्याच झाडांखाली तो रोज झोपत होता, पाकळ्या झाडून काढताना कुरकुरत होता. रोज इथं येऊन त्यानं या साऱ्याकडे पाठ केली होती. आपण केवढ्या सुंदर जागी राहतो, हे त्याला आज दिसलं.

"अरे जाळं! मासे गेले, मेल्या!"

जाळं केव्हाच सुटलं होतं. एपारामाच्या ओठांवर शब्द आले होते, एकामागून एक, न थांबता.

बाप सांगायचा, आलेलं गाणं अंग वाळायच्या आत दुसऱ्याच्या तोंडी घाल, नाहीतर जातं. दुसरं होतं कोण?

"बुबु, ऐक."

"वरच्या गावाचं ना? मला नको."

तरी तो गायला. *सोडून आलो म्हणू नका, डोंगरानं बोलावलं. लाल अंथरूण घालून त्यानं दार उघडलं.* म्हातारी पाठमोरी उभी राहून ऐकत होती. मग तिचा उजवा हात आपोआप उचलला गेला, मनगट वळलं, बोटं पाकळ्यांसारखी उघडली. तिचे डोळे वाहत होते.

"फार घाई करतोस," ती चिडून म्हणाली. "डोंगर चढणारं माणूस असं धावत गातं का? चल, दाखवते."

आणि ती निघाली, ओल्या कपड्यांनिशी, वाटेवरून वर. एपारामा मागून गात होता, तिच्या पावलांच्या ठेक्यावर. पोपट डोक्यावर कल्ला करत होते. अर्ध्या चढावर ती थांबली आणि वळली. खाली जुनं गाव दिसत होतं, मोडके चौथरे, पांढऱ्या शंखांनी मढवलेली नवऱ्याची कबर, आणि पुढं सगळा समुद्र. एपारामानं पुढचं कडवं उचललं, तशी तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"इथं शब्द नको. इथं बघू दे."

सोहळ्याच्या दिवशी बायका रांगेत नाचल्या, पहिली विलिमाइना बुबु. मध्येच बांबूंचा ठोका थांबला, पंखे खाली आले, आणि सगळ्या जणी वळल्या. पाहुण्यांना वाटलं, विसरल्या बिचाऱ्या. नाइबुकानं वाडगं खाली ठेवलं. गावातलं एकेक माणूस उठलं आणि समुद्राकडे बघत उभं राहिलं, म्हातारीनं हात पुन्हा वर उचलेपर्यंत.