पहिल्या पानावरची सही

मित्रांनो, जरा हळू उघडा. मी एक जुना ग्रंथ आहे आणि माझी शिवण कधीच उसवली आहे. वय सव्वाशेच्या वर. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा इतिहास माझ्या चारशे बारा पानांत आहे. सध्याचा मुक्काम मात्र आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या कडेला क्लोनडॉकिनला. मला मराठी कुठून येते, ते पुढे कळेलच. दमलेल्याला मध्येच प्रश्न विचारू नयेत.

माझा जन्म मेरीलँडमधल्या बाल्टिमोर शहरातला. हिरव्या कापडाची बांधणी, सोनेरी अक्षरं, काय रुबाब होता! तिथल्या बंदरात डेनिस नावाचा आयरिश हमाल जहाजांवरून पोती उतरवायचा. त्यानं मला विकत घेतलं, पहिल्या कोऱ्या पानावर जांभळ्या शाईनं नाव लिहिलं, ‘ट्रलीचा डेनिस’, आणि मला आयर्लंडमध्ये, त्याच्या ट्रली गावी भावाकडे पाठवून दिलं. तो स्वतः कधीच परतला नाही. घरी त्याचा फोटो नाही, पत्र नाही. मागे राहिली ती तेवढी सही.

ट्रलीच्या त्या घरात रविवारी मला मोठ्यानं वाचायचे. सोळाशे चौतीस साली दोन जहाजं आली, इंग्रजांची वसाहत झाली. धर्मावरून छळ नको म्हणून कायदा झाला, पाच वर्षांत तो मोडलाही. मग तंबाखूची शेतं, मग इंग्लंडच्या राजाशी लढाई, मग अ‍ॅनापोलिस हे गाव काही महिने साऱ्या देशाची राजधानी. पुढे रेल्वे आली, भावाभावांत यादवी झाली आणि अठराशे चौसष्टात गुलामगिरी संपली. ऐकणारे माना डोलवायचे. मलाही वाटायचं, आपल्याला सगळं ठाऊक आहे.

मग वाचणारे गेले आणि मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलो. अकरा वर्षं मी एका टेबलाचा चौथा पाय होतो. शेवटी डेनिसच्या भावाची नात, नोरीनबाई, यांनी मला तिथून काढलं, पुसलं आणि क्लोनडॉकिनला आणून कपाटात ठेवलं. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. अधूनमधून पहिलं पान उघडून सहीवर बोट ठेवायच्या आणि कपाट लावून घ्यायच्या. बाकीची चारशे अकरा पानं कुणाला नकोच होती. मलाही आताशा कुणाकडून काही नको होतं.

शेजारी एक मराठी कुटुंब राहतं. नंदिनी डब्लिनमधल्याच सँडीफोर्डला सॉफ्टवेअरच्या नोकरीला जाते. तिची मुलगी रेवा सहावीत. शाळेनं तिला अमेरिकेतल्या एका राज्यावर प्रोजेक्ट दिलं, तेव्हा नोरीनबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, “बाकी काहीही झालं तरी पहिलं पान सांभाळ. आमच्याकडे त्याचं एवढंच आहे.” रेवानं तसं वचन दिलं.

त्या घरी नंदिनीचे वडील नागपूरहून आले होते. आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवून निवृत्त झालेले. दिवसभर बोलायचे. रेवाला मराठी समजायची, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही पक्क्या डब्लिनच्या सुरात. दोघांच्या मध्ये टेबलावर मी तीन आठवडे पडून होतो. मी मराठी शिकलो ती अशी.

रेवानं मला वाचलं, तसं आजवर कुणी वाचलं नव्हतं. एका जमीनदाराच्या पानावर ती थांबली. तिथे त्याचं नाव आहे, घोड्याचं नाव आहे, आणि पुढे ‘तंबाखू लावणारे इतर चाळीस’. तिनं आईला विचारलं, “घोड्याला नाव आहे, मग या चाळीस जणांना का नाही?” मित्रांनो, मला फार लाज वाटली. ते चाळीस जण गुलाम होते आणि मी त्यांना ‘इतर’ म्हणून मोकळा झालो होतो.

मग रेवानं प्रोजेक्टच्या तक्त्यावर एक वेगळा रकाना आखला, काम करणाऱ्यांचा. पहिलं नाव डेनिसचं लिहिलं, जांभळ्या स्केचपेननं, त्याच्या अक्षरांची वळणं बघून बघून. सगळ्यात खाली दोन हजार चोवीस साली बाल्टिमोरचा मोठा पूल पडला तेव्हा गेलेले सहा कामगार. रात्री पुलावरचे खड्डे बुजवत होते, सगळे परदेशातून पोटासाठी आलेले. मधल्या ‘इतर चाळीस’ जणांसाठी तिनं चाळीस कोऱ्या ओळी सोडल्या.

आणि दसरा आला. आजोबांनी पान्हा, पक्कड, नंदिनीचा लॅपटॉप आणि रेवाची पुस्तकं पाटावर मांडली. मलाही मांडलं, सगळ्यांच्या वर, कारण वयानं मी मोठा. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, पण क्लोनडॉकिनमध्ये पाटी कुठली मिळणार? त्यांनी माझं पहिलं पान उघडलं. चष्मा कपाळावर होता. सही त्यांना फिकट डागासारखी दिसली. ओल्या हळदीत बोट बुडवून त्यांनी सरस्वती काढली आणि नोरीनबाईंच्याच बागेतली, पावसानं भिजलेली झेंडूची फुलं वर वाहिली. मला कुणी हात जोडून नमस्कार करावा, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. आणि त्याच वेळी डेनिसची शाई हळूहळू सुटत होती.

संध्याकाळी रेवा मला घ्यायला आली, तर आजोबा म्हणाले, “आज पुस्तकाले हात नाही लावाचा, बेटा. पूजेत बसलं ना ते. उद्या सकाळी उचलजो.” ओलं पान फुलांखाली तसंच राहिलं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

सकाळी फुलं उचलली तर पानावर एक पिवळा-जांभळा डाग होता. नाव उरलं नव्हतं. रेवानं मला उचललं, तक्ता गुंडाळून काखेत घेतला आणि ती नोरीनबाईंकडे निघाली. आजोबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पान पाहिलं आणि म्हणाले, “मले डाग वाटला वं. चाल, मी येतो संगं.”

नोरीनबाईंच्या दारात आजोबा हात जोडून वऱ्हाडीत बोलले आणि रेवानं इंग्रजीत सांगितलं. “लेकराचा दोष नाही. माह्या हातानं झालं. आमच्याकडे जे कामाले येते त्याची आम्ही पूजा करतो.”

नोरीनबाईंनी पान पाहिलं. मग म्हणाल्या, “ग्रँड.” इथे बरं वाटलं तरी ग्रँड म्हणतात, आणि बोलवत नसलं तरीही. त्यांचं बोट सहीच्या जागी गेलं आणि पिवळं होऊन परत आलं.

आत टेबलावर रेवानं तक्ता उलगडला. कामगारांच्या रकान्यातलं पहिलं नाव पाहून बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्यापुढे धरली. “इथे लिही.”

“पण ती त्याची सही नाही होणार,” रेवा म्हणाली.

“नाही होणार,” बाई म्हणाल्या. “नाव तर होईल.”

रेवानं डागाखाली लिहिलं, ‘ट्रलीचा डेनिस, हमाल’. त्याखाली तिनं चाळीस बारीक रेघा ओढल्या.

मित्रांनो, ग्रंथांना टेबलाखाली घालू नका. पूजा करा, पण आधी चष्मा लावून पान वाचा. माझ्यात चारशे बारा पानं आहेत, पण मला उघडलंत तर आधी ती पेन्सिलची ओळ वाचा आणि मग त्या रेघा मोजा. एखादं नाव कुठे सापडलं, तर लिहायला या. हात मात्र कोरडे करून या.