पिशवी नंबर एकेचाळीस

चौऱ्याहत्तर साली आमच्या सोलापूरच्या माती तपासणी प्रयोगशाळेत सीना नदीच्या खोऱ्यातल्या साठ पिशव्या आल्या. कुठल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, किती आणि का, हे साहेबांना शोधायचं होतं. उत्तर आमच्या शिपायालाही ठाऊक होतं. नदीकाठच्या काळ्या रानात बरा, चढावर कमी, माळावर नावाला. बाकीचं ऊन आणि उतार घेऊन जातात. पण मत देण्याचा पगार मला नव्हता, म्हणून गप्प तपासत बसलो.

एकेचाळीस नंबरनं घोटाळा केला. पिशवी गौरम्मा नावाच्या बाईच्या माळावरच्या शेताची, आणि कर्ब अख्ख्या खोऱ्यात सगळ्यात जास्त. साहेबांनी तीन दिवस डोकं लावलं, वाऱ्याची दिशासुद्धा पाहिली. तोवर यादी निघाली. कर्ब कमी असलेल्या शेतांनाच सरकारी बांध घालून मिळणार होते. गौरम्माचं नाव कटलं.

मी चिडून पहिल्या एसटीनं तिच्या शेतावर गेलो. शेतात नुसता मुरूम.

"अम्मा, पिशवीत कुठली माती भरली होती?"

"खोपटामागच्या उकिरड्याची," गौरम्मा म्हणाली. "सायबाकडं न्यायची, मग काय मुरूम दिऊ? पावन्याला चांगलंच देत्यात की."

"त्यानं तुमचा बांध गेला ना!"

तिनं उताराकडं पाहिलं. दर पावसाळ्यात तिचं शेत थोडं थोडं खालच्या बसलिंगप्पाच्या रानात उतरत होतं. या वर्षी बांध पडला नाही, तर पेरायला काही उरणार नव्हतं.

फेरतपासणीसाठी मी दहा ठिकाणी वीतभर खणून नवी पिशवी भरली.

"आता कागदावर काय लिवनार?"

"अत्यंत कमी."

"तीस वरसं शेन घातलंय हिला मी. माज्या नावाम्होरं लिवनार व्हय?"

"लिहिलं तरच बांध मिळेल."

"मग लिवा," ती म्हणाली. "पिशवी मी बांदते. तुमी हात धुवा जावा."

सोलापुरात पिशवी उघडली. मुरमावर मूठभर काळी माती होती, चाळून घेतलेली. हसू यायला हवं होतं, पण मला फार वाईट वाटलं. नियमानं नमुना बाद करायचा. मी ती मूठ बाजूला काढली, खालचा मुरूम तपासला आणि गौरम्माच्या नावापुढं "अत्यंत कमी" लिहिलं. अक्षर जमेल तेवढं बारीक काढलं.