काचेवरचं कुंकू

गोजरबाईंचा नेम साधा होता. सकाळी अंघोळ, कपाळाला कुंकू, मग औंढ्याच्या नागनाथाच्या कळसाचं दर्शन आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. आपल्या खेड्यातून, गोरेगावाहून, रोज औंढ्याला कसं जाणार? म्हणून त्यांच्या सुनेनं, सृष्टीनं, भजनी मंडळातल्या बायांसाठी एक ॲप बनवलं होतं. औंढ्यात राहणाऱ्या नीलाबाई पहाटे कळसाचा फोटो टाकायच्या, बाया आपापल्या देवघरात दर्शन घ्यायच्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी बोलून निरोप धाडायची सोयही होती. फोटोवर कुठंही बोट दाबून धरायचं आणि बोलायचं. बोट उचललं की निरोप सगळ्यांना गेला. बारकं बटण म्हाताऱ्या बोटांना सापडत नाही, म्हणून सृष्टीनं अख्खा फोटोच बटण करून टाकला होता. या युक्तीचं तिला मनातून फार कौतुक होतं.

त्या सोमवारी ती चहा टाकत होती, तेवढ्यात देवघरातून नीलाबाईंचा आवाज आला. फोनमधून.

"अवो गोजरबाई, देवाला सांगायचं ते आमाला काहून सांगून राहिल्या? आमी काय नवसाला पावणार?" आणि पाठोपाठ हसणं.

सृष्टी धावली. सासूबाई पाटावर बसलेल्या, फोन मांडीवर. काचेच्या मधोमध कुंकवाचा ठिपका उमटला होता. तो पाहिला आणि तिला सगळं कळलं. त्या कळसापुढं वाकल्या होत्या, कपाळ फोनला टेकवलं होतं आणि तसंच टेकवून बोलल्या होत्या. फोनला कपाळ काय अन् बोट काय! कुणीतरी दाबून धरलंय, एवढंच त्याला समजलं.

तिनं तो निरोप लावला. सासूबाईंचा अगदी हळू, श्वासातला आवाज होता.

"नागनाथा, माजं खोटं पोटात घाल. सृष्टीचं पुण्याच्या कंपनीतलं काम सुटलं, अन् मी बायांत सांगत फिरते, का ती घरून कंपनीचं काम करती. लाज वाटली रे देवा. घरच्याच लेकराची लाज वाटली. तिला काम लाव. अन् मला ठावं हाय, हे तिला कळू देऊ नको."

काम गेल्याचं सृष्टीनं आणि तिच्या नवऱ्यानं, शिवशंकरनं, घरात सांगितलंच नव्हतं. ती रोज सकाळी मागच्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन अडकवून बसायची. मीटिंग आहे म्हणायची. दाराबाहेर म्हातारी पावलं न वाजवता ये-जा करायची, कामात व्यत्यय नको म्हणून. म्हणजे कुणाचं नाटक कोण सांभाळत होतं?

तिनं घाईघाईनं निरोप काढून टाकला. "आई, पुसला मी."

"देवाफुडं बोललेलं पुसत्यात व्हय?" गोजरबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या. "अन् बायांच्या कानातलं कसं पुसशील?"

"चहा तरी घ्या."

"दर्शन कुठं झालं? देवाला पोचलंच न्हाई, सगळं मंडळाला पोचलं. जा तू. तुजं काम असंल."

'तुजं काम' हे शब्द त्यांच्या तोंडून सवयीनं निघाले आणि दोघींनीही मान खाली घातली.

दुपार कलली तरी सासूबाईंच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. सृष्टी मागच्या खोलीत बसली. आज दार उघडंच ठेवलं. चूक तिचीच होती. तिनं सगळं स्वतःच्या बोटानं तपासलं होतं. कुणी फोनवर डोकं टेकवील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ती तर याच घरात राहत होती. स्पर्श केवढा रुंद आहे हे फोन सांगतो. तिनं ॲपमध्ये ते विचारलंच नव्हतं. आता विचारलं. बोटापेक्षा रुंद असेल तर आवाज टिपायचा नाही.

"आई, एकदा कपाळ टेकवून बघता का? बराबर झालंय का ते कळंल."

"खोटं वाकू व्हय? तुज्या तपासणीपायी?"

सृष्टीनं स्वतःच फोन पाटावर ठेवला आणि वाकली. फोननं टिक केलं. आवाज टिपणं सुरू झालंच. कपाळ उचललं की निरोप जाणार, म्हणून तिनं कपाळ तसंच ठेवून बाजूच्या बटणानं फोन बंद केला. मग लक्षात आलं, कपाळ एकदम टेकत नाही. आधी बोटाएवढा ठिपका लागतो, मग तो पसरतो. म्हणजे सुरू झालेलंही, ठिपका पसरताच टाकून द्यायला हवं. तिनं तसं केलं. पुन्हा वाकली. या खेपेला टिक होऊन लगेच विझलं. मंडळाच्या निरोपांत काही गेलं नव्हतं.

मग तिनं अंगठा फोटोवर ठेवला आणि मुद्दाम दाबून धरला.

"मी सृष्टी. आईंनी सांगितलं ते खरं आहे, माझं काम गेलंय. घरात मीच लपवलं, म्हणून त्यांना बाहेर खोटं बोलावं लागलं. हसायचं तर मला हसा." तिनं अंगठा उचलला आणि निरोप गेला.

गोजरबाई ऐकत होत्या. फोन वाजू लागला, एक निरोप, दुसरा. सृष्टीनं एकही लावला नाही. पदरानं काच पुसली, कळसाचा फोटो समोर आणला आणि फोन सासूबाईंच्या पाटापुढं ठेवला.

त्यांनी कपाळावरचं कुंकू चाचपलं. वाकता वाकता थांबल्या.

"आता कुणी ऐकणार न्हाई ना?"

"न्हाई आई."

"तू बी?"

सृष्टी उठली, अंगणात गेली आणि कडुनिंबाखाली पाठमोरी उभी राहिली. बऱ्याच वेळानं आतून माठावरची झाकणी सरकल्याचा आवाज आला.