अमुकचं वजन अजून भरलेलं नाही

मित्रांनो, शेवटी अमुकचं वजन भरलं. काटा रेघ ओलांडून पुढे गेला, आणि स्वयंपाकघरात पातेलं घासून तयारच होतं.

बरं, ते सोडा. तसं काही झालंच नाही. आमच्या घरात कोणालाही विचारा, सगळे हेच सांगतील. तेव्हा मीही आपला सुरुवातीपासून सुरुवात करतो.

मी एक जुना वजनकाटा आहे. खाली पोलादी पेटी, समोर घड्याळासारखी गोल तबकडी, डोक्यावर पितळी पारडं आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. कारखान्यात मी तयार झालो तेव्हा माझ्या पारड्यात किलोचं वजन ठेवलं होतं. माझा काटा थरथरला आणि बरोबर एकच्या आकड्यावर थांबला. तपासनिसाने "हं" म्हटलं आणि माझ्या पाठीवर ठक्कन शिक्का मारला. तेव्हापासून मी कायम खरं सांगत आलो. यात माझं काही मोठेपण नाही. स्प्रिंगला खोटं बोलता येत नाही, एवढंच.

माझी उमेदीची वर्षं आत्याच्या किराणा दुकानात गेली. गिऱ्हाईक वजनाबद्दल कुरकुरलं, की आत्या म्हणायची, "माझ्या काट्यावर शंका? स्वतःच बसा की पारड्यात. अक्कल किती भरते तेही कळेल." मी ताठ उभा राहायचो. दुपारी दुकानात कोणी नसायचं. साखरेचं पोतं, मी आणि दारातून आलेलं ऊन. उन्हाचा एक तुकडा सरकत सरकत माझ्या पारड्यात येऊन बसायचा आणि मी अर्धवट झोपेत त्याचं वजन करायचो. भरायचं काहीच नाही, पण पारडं गरम व्हायचं. तसली स्वप्नं मला अजून पडतात.

पुढे दुकान बंद झालं. आत्या एक ट्रंक आणि मला घेऊन आपल्या धाकट्या भावाकडे राहायला आली. हा भाऊ शिंपी. त्याच्या मुलीचं नाव घरात सगळ्यांनी गुंडी पाडलं होतं, कारण लहानपणी तिने एक गुंडी गिळली होती आणि ती गुंडी अजून हिशेबाला लागलेली नाही. गुंडीचे बाबा आणि आई, आत्या, आणि बाबांचं शिलाई मशीन, असं ते घर. मला कापड बेतायच्या टेबलाखाली ठेवलं. माझ्या पारड्यात ओले बटाटे ठेवत. माझ्या स्प्रिंगला गंज चढू लागला. गुंडी लहान होती तेव्हा मला बंद पडलेलं घड्याळ समजायची. "आत्या, तुझ्या घड्याळात नेहमी शून्यच का वाजलेले असतात?" असं तिने विचारलं होतं. मित्रांनो, उपेक्षा म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

मग एक दिवस एका गिऱ्हाइकाने सुटाचं कापड वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. त्या कागदावर लावा पक्ष्याचं चित्र होतं. कोणी त्याला बटेर म्हणतात. बाबांनी कापड बाजूला ठेवलं आणि कागद वाचला. घरच्या घरी, थोड्या जागेत, अंड्यांसाठी आणि मटणासाठी लावे पाळावेत, असं त्यात लिहिलं होतं. लेखाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'लावे पाळणे अगदी सोपे आहे, फक्त एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी, ती म्हणजे'. पुढचा कागद फाटलेला होता.

"एकच गोष्ट आहे ना," बाबा म्हणाले. "बघू नंतर."

गॅलरीत पिंजरा झाला. तळाला जाळी, तिला जरासा उतार, म्हणजे घातलेलं अंडं आपोआप घरंगळत पुढे यावं. लावा दचकला की सरळ वर उडी मारतो आणि टाळकं आपटून घेतो, म्हणून बाबांनी पिंजऱ्याच्या छताला कापूस भरून गादी शिवली. कापताना सवयीने चारही बाजूंनी शिवणीसाठी दोन बोटं माया सोडली. खोक्यातून पिल्लं आली. भुंग्याएवढी, पाठीवर पट्टे असलेली. पाण्याच्या ताटलीत ती बुडू नयेत म्हणून गुंडीने त्यात आपल्या गोट्या टाकल्या. दिव्याच्या पिवळ्या उबेत ती सगळी एकमेकांवर चढून झोपायची. बाबांनी एक पिल्लू माझ्या पारड्यात ठेवलं. काटा हललाच नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला काम दिलं होतं आणि मी शून्य दाखवत होतो. पण मला ते पिल्लू कळलं होतं. उन्हाच्या तुकड्यासारखंच होतं ते.

बाबांनी नियम सांगितले. "हे पक्षी खायला आहेत. माद्या अंडी देतील, नर पातेल्यात जातील. लाड करायचे नाहीत. आणि कोणाला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की खाववत नाही."

पिल्लं मोठी झाली, तेव्हा सगळ्या माद्या निघाल्या आणि नर निघाला एकच. म्हणजे चार माणसांची मटणाची सगळी योजना मुठीएवढ्या एका पक्ष्यावर उभी होती.

"तंगडी माझी," आत्याने लगेच सांगून टाकलं.

"अमुकला दाणे घालून येते," गुंडी म्हणाली.

"नाव द्यायचं नाही म्हटलं होतं ना?"

"हे नाव नाहीये बाबा. नाव नसलं की असं म्हणतात."

बाबांनी आत्याची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि माझ्या काचेवर, दोनशे ग्रॅमच्या जागी, लाल रेघ ओढली. "दर रविवारी वजन करायचं. काटा इथे पोचला, की त्याच दिवशी रस्सा. माप म्हणजे माप."

पक्षी स्थिर राहावा म्हणून बाबांनी एका जुन्या सदऱ्याची बाही कापली होती. रविवारी अमुकला तिच्यात घालून पारड्यात ठेवत. बाहीतून फक्त डोकं बाहेर. बाहीत गेला की तो डोळे मिटून घ्यायचा. मग त्याच्या काळजाचे ठोके माझ्या काट्यापर्यंत यायचे. काटा अगदी बारीक, मशीनच्या टाक्यांसारखा हलत राहायचा. साखर कधी अशी हलली नव्हती. झोपलेला पक्षी जागेपणापेक्षा हलका असतो, असं मला वाटतं. पण माझ्या तबकडीवर तेवढ्या बारीक रेघा नाहीत.

अमुकचं वजन रेघेजवळ आलं आणि मित्रांनो, तिथून पुढे माझ्या अब्रूचे धिंडवडे निघाले.

सुरुवात गुंडीने केली. "हलू नये म्हणून धरते," म्हणून ती पारड्याखाली बोट घालायची आणि हळूच वर उचलायची. आईला हे माहीत नव्हतं. शनिवारी कणीक मोजायच्या निमित्ताने आई सुरीच्या टोकाने माझ्या पोटाखालचा शून्य जुळवायचा स्क्रू अर्धा फेरा उलटा फिरवून ठेवायची. गुंडीला हे माहीत नव्हतं. आणि ज्या आत्याने मला उभा जन्म मान दिला, तंगडी तंगडी करून जिने घर डोक्यावर घेतलं होतं, ती सगळे जेवायला बसले की नखाने लाल रेघ खरवडायची आणि आपल्या नेलपॉलिशने थोडी पुढे ओढायची. आत्या, तूसुद्धा! मी ओरडलो असतो, पण माझ्यात फक्त स्प्रिंग आहे.

"कमी आहे," बाबा दर रविवारी म्हणायचे. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. "खातो तर ढीगभर. जातं कुठे?"

"काळजी करत असेल," आई म्हणायची.

एका रविवारी तिघींनीही जरा सढळ हाताने मदत केली. अमुकला पारड्यात ठेवलं आणि माझा काटा शून्याच्या अलीकडे गेला.

बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "हा पक्षी उणे निघाला."

पिंजऱ्यात एका मादीने अंडं घातलं. शाई शिंपडल्यासारखं ठिपक्या-ठिपक्यांचं ते अंडं जाळीवरून शांतपणे घरंगळत आलं.

"हलका असेल हो," आई म्हणाली.

"अगं, हलका म्हणजे किती? दोरी बांधायला हवी मग, वर जाईल. आणि ही रेघ इकडे कुठे आली? अर्धा किलो? अर्धा किलोचा लावा असता तर त्यानेच आपल्याला खाल्लं असतं!"

"त्या कागदातली ती एक गोष्ट हीच असणार," आत्या घाईने म्हणाली. "काटा नीट हवा."

"ताई, हा तुझ्याच दुकानातला."

"म्हातारा झालाय तो. खोटा पडला."

मित्रांनो, हे वाक्य मी आत्याच्या तोंडून ऐकलं.

बाबांनी त्याच दुपारी मला टेबलावर घेतलं. मशीनचं तेल स्प्रिंगला घातलं. गंज पुसला. स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. काच घासून स्वच्छ केली आणि दोनशेवर निळ्या खडूने नवी रेघ आखली, सरळ, शिंप्याची. त्या तेलाने मला इतकं बरं वाटलं, की मी पुन्हा कारखान्यात आहे आणि तपासनीस "हं" म्हणतोय, असं स्वप्न पडलं. मग मी बाबांचं बोलणं ऐकलं.

"पुढच्या रविवारी मी एकटा वजन करणार. तिघींनी भिंतीला टेकून उभं राहायचं. हात समोर दिसले पाहिजेत. काटा खरा निघाला तर रस्सा. खोटा निघाला तर भंगारवाला."

म्हणजे खरं सांगितलं तर अमुक पातेल्यात, आणि खोटं सांगितलं तर मी भंगारात. मी आठवडाभर खोटं बोलायचा सराव केला. रिकाम्या पारड्याने पाच ग्रॅम दाखवून बघावं म्हटलं. पण काटा शून्यावरच राहिला. त्यात नवीन तेल घातलेलं, आणखीच खरा झालो होतो.

रविवार आला. तिघी भिंतीला. गुंडीने हात इतके पुढे धरले होते, जणू कोणी तिच्यावर बंदूक रोखली होती. पातेलं घासलेलं होतं. बाबांनी अमुकला बाहीत घालून पारड्यात ठेवलं. त्याने डोळे मिटले.

काटा निघाला. रेघेपर्यंत आला, आणि रेघ ओलांडून पुढे गेला. तिथे उभा राहून तो ठोक्यांबरोबर बारीक बारीक हलू लागला.

बाबा वाकले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. बाहीच्या टोकाचा एक दोरा सुटला होता, तो त्यांनी दाताने तोडला. त्यांचा श्वास अमुकच्या पिसांवर जात होता. गॅलरीतलं ऊन सरकत सरकत पारड्यात आलं आणि त्या दोघांच्या मध्ये बसलं. मशीन गप्प होतं. किती वेळ गेला, मला सांगता यायचं नाही. मी घड्याळ नाही.

"कमी आहे," बाबा म्हणाले.

गुंडी धावत आली. तिने तबकडी पाहिली. मग बाबांकडे पाहिलं. "खूपच कमी आहे," ती म्हणाली.

आई आली. "अहो, एवढं कमी?"

"चष्मा लावून बघते," म्हणत आत्या आली. तिने चष्मा न लावताच पाहिलं. "हाडंच आहेत नुसती. पण तंगडी माझी, हे विसरू नका."

"पुढच्या रविवारी बघू," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काटा मात्र उत्तम आहे. एकदम खरा."

त्या दिवशी सगळ्यांनी लाव्याची अंडी उकडून खाल्ली.

तेव्हापासून बरेच रविवार झाले. अमुक चांगला गरगरीत झाला आहे. दर रविवारी काटा रेघेच्या पुढे जातो आणि चारही जण मान हलवून कमी आहे म्हणतात. मी इतकी वर्षं खरं सांगितलं, तेव्हा मला बटाट्यांखाली ठेवलं. आता माझं कोणी ऐकत नाही, तर मला दर महिन्याला तेल मिळतं. मला यातलं सगळं समजत नाही, पण तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात असा जुना वजनकाटा असेल, तर त्याच्यावर ओलं काही ठेवू नका. स्प्रिंगला थेंबभर तेल घाला. आणि अधूनमधून त्यात काहीतरी जिवंत ठेवून बघा.

सरतेशेवटी माझा एक अर्ज आहे. वजनमापे कार्यालयाच्या मुख्य अधिकाऱ्यांस सविनय विनंती, की घरातील सर्व सभासदांनी एकमताने वाचलेले वजन हेच संबंधित पक्ष्याचे अधिकृत वजन मानण्यात यावे. दोनशे ग्रॅम हे माप सदर पक्ष्याच्या हयातीपर्यंत तात्पुरते पुढे सरकवण्यात यावे. आणि माझ्या पाठीवरचा शिक्का पुसट झाल्याने तो नव्याने मारून मिळावा. अर्जावर सही करता येत नसल्याने मी सहीच्या जागी काटा शून्यावर आणून ठेवणार होतो. परंतु तूर्त ते शक्य नाही, कारण पारड्यात ऊन आलं आहे आणि त्यात अमुक झोपला आहे.